राक्षसाचं नाव बदलता येत नाही

माझी मुलगी राक्षस पकडते. लग्नाच्या वयाच्या मुलीबद्दल हे वाक्य चार लोकांत बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते. तसंही चार लोकांत मला कुठलंच वाक्य बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधी घसा बसतो. लिहिताना बसत नाही, एवढा चौथीपर्यंतच्या शाळेचा उपयोग झाला.

कुणाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. पुढचा सगळा तंटा नावावरूनच झाला, त्यात आणखी भर नको.

तर राक्षस. ते तळहाताएवढ्या यंत्रात राहतात. माझा भाऊ लष्करात आहे. मुलगी शाळेत असताना तो एकदा सुटीवर आला आणि भाचीसाठी हे यंत्र कुठून तरी घेऊन आला. वर पडदा, खाली बटणं. पोरगी चार दिवस खेळेल आणि टाकून देईल असं आमच्या ह्यांचं भाकीत होतं. आमच्या ह्यांची भाकितं पावसाच्या बाबतीतही अशीच असतात. आता मुलगी साताऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना सांगते की पडद्याकडे बघत बसू नका, डोळे जातील. मग घरी येते, चप्पल काढते आणि यंत्र उघडून बसते.

खेळ असा आहे. एक पोरगं घरातून निघतं. गवतातून चाललं की समोर राक्षस येतो. त्याला जरा दमवायचं, मग चेंडू मारायचा. राक्षस चेंडूत जाऊन बसतो आणि आपला होतो. माझ्या माहेरी, मेढ्याकडेही गवतातून चाललं की काही ना काही समोर येतं, पण त्याला चेंडूत घालून घरी आणायचं आम्हाला कुणी शिकवलं नाही. आम्ही आपले ओरडत पळायचो.

ह्या पोराला एक आई आहे. ती त्याला म्हणते, जा, जग बघून ये. पोरगं सगळा मुलूख पालथा घालून येतं, तरी आई घरात त्याच जागेवर उभी असते. म्हणते, दमला असशील, जरा पड. एवढंच तिचं काम. राक्षस, आग ओकणं, हवेत उडणं हे सगळं मनाचं असेल. पण आई हा खेळ काढणाऱ्या माणसाने नक्की कुठेतरी बघून केलेली आहे.

तो माणूस जपानातला. त्याची गोष्ट मुलीने मला मेथी निवडताना सांगितली. लहानपणी तो किडे धरायचा. दगड उचल, तळ्यात हात घाल, झाडाखाली बस. मोठा होईपर्यंत तळी बुजली, शेतांवर इमारती आल्या आणि किडे गेले. आपल्याकडे असं झालं की माणूस प्लॉट विकून मोकळा होतो. ह्याला वाईट वाटलं. पुढे त्याने दोन यंत्रं वायरीने जोडलेली पाहिली, आणि त्याला वाटलं, ह्या वायरीतून एक किडा चालत ह्या यंत्रातून त्या यंत्रात गेला तर?

"आई, तिथनं सगळं सुरू झालं," मुलगी म्हणाली. "एका किड्यापासनं."

"मेथीतबी हाय बघ एक," मी म्हटलं. "तुला देऊ का?"

त्यापुढची युक्ती ऐकून मात्र मी मान डोलवली. खेळ दोन भागांत विकायचा. काही राक्षस एका भागात, काही दुसऱ्यात. सगळे हवे असतील तर दुसऱ्या माणसाकडे जा आणि अदलाबदल करा. साडी एका दुकानात आणि तिचा ब्लाउजपीस दुसऱ्या दुकानात ठेवावा तशी ही अक्कल. पण लोक त्याला नावं ठेवत नाहीत. दोन्ही दुकानांत जातात, आणि जाता जाता त्यांची ओळख होते.

"म्हणून तर टिकलाय," मुलगी म्हणाली. "एकट्याचं कधी पुरंच होत नाही."

आमच्या ह्यांना हे पटत नाही. खोटी जनावरं गोळा करून काय मिळतं, असं ते विचारतात, आणि विचारून परसातल्या पत्र्याच्या खोलीत जातात. तिथे त्यांनी जुने नटबोल्ट, बिनझाकणाचे डबे, बंद पडलेल्या पंपाचे भाग आणि सायकलच्या घंट्या जमवल्या आहेत. "लागंल कवातरी." माझी नणंद, म्हणजे ह्यांची बहीण, तिचंही तेच म्हणणं. तिच्या कपाटात संक्रांतीच्या वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या आहेत, गाळण्या आहेत, साबणाची खोकी आहेत. एकाच रंगाच्या दोन झाल्या की ती एक पुढच्या संक्रांतीला दुसरीकडे खपवते आणि वेगळ्या रंगाची घेऊन येते. तिच्यात आणि त्या जपानी माणसात मला फार फरक दिसत नाही. त्याला फक्त वायरीची कल्पना आधी सुचली.

आता भजीबद्दल सांगते, कारण पुढे त्याच्यावाचून काही कळणार नाही. मुलीकडे एक राक्षस आहे. शाळेतल्या मैत्रिणीकडून अदलाबदलीत घेतलेला. आला तेव्हा गोलमटोल आणि निरुपद्रवी होता, आणि त्या मैत्रिणीने त्याचं नाव ठेवलं होतं भजी. काही राक्षस असे असतात की एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्याशिवाय मोठेच होत नाहीत. हे नणंदेला कळलं असतं तर ती म्हणाली असती, पोरींचंबी तसंच हाय. तर हा आमच्याकडे आला आणि बघता बघता मोठा झाला. सुळे आले, डोळे लाल झाले, पाठीवर काटे आले. नाव भजीच राहिलं.

"बदल की नाव," मी म्हटलं होतं.

"बदलता येत नाही आई. ज्यानं पहिल्यांदा धरून नाव ठेवलं, त्यालाच बदलता येतं. मला हक्क नाही."

"आन ऐकतंय का तुझं?"

"सुरुवातीला नव्हता ऐकत. माझ्याकडं लढती जिंकून मिळतात ते बिल्ले कमी होते. लढायला सांगितलं की पाठ करून झोपायचा."

मी तेव्हा हसले आणि भाजी फोडणीला टाकली. पण ते माझ्या डोक्यात राहिलं. माझं लग्न झालं तेव्हा कुणी ह्यांचे बिल्ले मोजले नव्हते. मी पहिल्या दिवसापासून ऐकत आले. आणि माझं नाव तर पहिल्या दिवशीच बदललं. झालं असं, की माझं आणि नणंदेचं नाव एकच निघालं. एका घरात दोन सारखी नावं म्हणजे घोटाळा. मग तिनेच माझ्यासाठी दुसरं नाव काढलं, ह्यांनी ते ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, सगळ्यांना साखर वाटली. वर्षाच्या आत नणंद लग्न होऊन कराडला गेली. घरात ते नाव मोकळंच पडून राहिलं. मला परत द्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. मागावं असं माझ्या मनात आलं होतं, पण मी चहा ठेवायला उठले. आता ते नाव फक्त भाऊ घेतो, तेही फोनला रेंज असली तर.

माधवनगरचं स्थळ आलं तेव्हा नणंद खास कराडहून आली होती. छंद विचारले तर रांगोळी सांग, असं तिने भाचीला बजावलं. मुलगी पोहे घेऊन आली. मुलाच्या आईने, म्हणजे आता विहीणबाईंनी, विचारलं, "रिकाम्या वेळात काय करतीस गं?"

"राक्षस पकडते," मुलगी म्हणाली.

नणंदेने कपाळाला हात लावला. आमच्या ह्यांनी पोह्यातली मिरची एकदम लक्ष देऊन शोधायला घेतली. मुलाचे वडील यंत्रमागावर आयुष्य काढलेले, त्यांना कमी ऐकू येतं, ते हसून म्हणाले, "चांगलं हाय, चांगलं हाय."

इतका वेळ जमिनीकडे बघत बसलेला मुलगा पहिल्यांदा वर बघून बोलला. "कुठल्या भागातले?"

पुढे ती दोघं काय बोलली ते आम्हा कुणालाच कळलं नाही. त्याच्याकडे दुसरा भाग होता एवढं मला समजलं. हिला जे मिळत नव्हते ते त्याच्याकडे दोन-दोन होते. पत्रिका जुळली का ते नंतर पाहिलं. राक्षस आधी जुळले. जाताना तो मुलीला हळूच म्हणाला, "तुमचा तो भजी एकदा बघायचाय," आणि विहीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्याकडं भजी बुधवारी करत्यात."

सुपारी फुटली. आणि मग विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव आणि माझ्या मुलीचं नाव एकच होतं. थोरली लग्न होऊन पुण्याला असते. तरीपण, विहीणबाई म्हणाल्या, एका घरात दोन सारखी नावं म्हंजे घोटाळा. त्यांनी नवीन नाव काढून ठेवलं होतं. ते कारण ऐकून मला फार आपलेपणा वाटला. जुनी ओळख निघाल्यासारखं झालं.

मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिला सांगितलं. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. मुलगा तिला आवडला होता, ते दिसतच होतं. "आई, मला माझं नाव पाहिजे," ती म्हणाली. "बाकी काही बोलणार नाही मी. पण नाव पाहिजे."

"त्याला सांग की."

"सांगितलं. त्याला पटतंय. पण आईपुढं त्याचं तोंड उघडत नाही."

म्हणजे जावई माझ्याच वळणाचा मिळाला होता.

"तू बोल ना विहीणबाईंशी," ती म्हणाली. माझ्याकडे बघून तिला स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण लगेच म्हणाली, "जाऊ दे." ते जाऊ दे मला लागलं. मी रागावले असते तर बरं झालं असतं, पण मला रागही मनातल्या मनातच येतो.

ह्यांना सांगून पाहिलं. "आपण मुलीकडचे," ते म्हणाले, आणि पत्र्याच्या खोलीत गेले.

लग्न जवळ आलं. भांडी घ्यायला नणंद आली. आम्ही दोघी बाजारात गेलो. डबे, तांब्या, परात, पातेली घेतली आणि नाव घालायला बसलो. दुकानदाराच्या हातात ते सुईचं यंत्र होतं. भांड्यावर टेकवलं की टर्रर्र आवाज होतो आणि नाव उमटतं. घासून जात नाही. माझ्या लग्नातल्या पातेल्यावर माझं नवं नाव अजून स्पष्ट आहे. त्याचा तळ गेला, पण नाव काही जात नाही.

"काय नाव घालू?" दुकानदाराने विचारलं.

"नवं घाला," नणंद म्हणाली. "माधवनगरच्यांनी सांगितलंय ते."

त्याने परात पुढे ओढली. मी घरून निघाल्यापासून एक वाक्य तोंडात घोळवत होते. "वन्सं," मी म्हटलं. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या तांब्यावर दुसरं यंत्र चालू होतं, त्यात माझा आवाज गेला. मी पुन्हा जोरात म्हटलं, "वन्सं," आणि नेमकं त्याच वेळी ते यंत्र बंद झालं. माझी हाक दुकानभर ऐकू गेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता मागे फिरायला जागाच नव्हती.

"वन्सं, पोरीचं नाव तुमी ठेवलंय. बारशाला कानात तुमीच सांगितलंय."

"व्हय. मंग?"

"त्या तिच्या खेळातबी असंच हाय. ज्यानं पयलं नाव ठेवलं, त्यालाच बदलायचा हक्क. दुसऱ्या कुनाला न्हाई. जपानात तसा नियमच हाय म्हनं."

"म्हंजी काय म्हनायचंय वैनी तुमाला?"

"मला काय म्हनायचंय? विहीणबाईच म्हनत्यात. त्या आता बदलत्यात म्हंजी तुमी ठेवलेल्या नावाला नावं ठेवल्यागतच न्हाई का?"

विहीणबाईंनी असं काही म्हटलं नव्हतं. त्या बिचाऱ्या फक्त घोटाळा म्हणाल्या होत्या. पण नणंदेचा चेहरा बदलला. मुलीच्या मनाचा विचार करून तो बदलला, असं म्हणता येणार नाही. तो स्वतःच्या मानाचा विचार करून बदलला, आणि त्यामुळेच भरवशाचा होता.

"ओ दादा, थांबा," ती दुकानदाराला म्हणाली. "मी ठेवलेलं नाव काय रस्त्यावर पडलंय व्हय? जुनंच घाला. सगळ्यावर. मोठ्या अक्षरात. आन परातीवर खाली आत्याकडून असंबी घाला."

टर्रर्र सुरू झालं. मी पदराने मान पुसली. इतकी वाक्यं एका दमात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

लग्न माधवनगरला झालं. तांदळाच्या ताटाचा कार्यक्रम लग्नानंतर सासरच्या घरी असतो. तिथे मुलीची आई नसते. पाठराखीण म्हणून नणंद गेली. मी साताऱ्याला परत आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर पुसत राहिले. पुसून झालेल्या फरशाही पुन्हा पुसल्या. मुलीचं नाव बदललं की नाही, हे विचारायला फोन करावा एवढंही मला जमलं नाही.

दुपारच्या एसटीने नणंद आली. पायावर पाणी घेतलं, चहा मागितला, आणि मी समोर बसेपर्यंत अक्षर बोलली नाही. तिला ऐकणारं माणूस समोर लागतं.

"ताट मांडलं," ती म्हणाली. "जावयाच्या हातात अंगठी दिली. विहीण म्हनती, लिव रं. त्यो लिवंना. घाम फुटलेला त्याला. मी म्हटलं, आवं विहीणबाई, नाव मी ठेवलंय, मला न इचारता कसं काय बदलताय? तर म्हनती, घरात दोन सारखी नावं झाली तर हाक कुनाला मारली कळायचं कसं? मी म्हटलं, तुमची ल्येक पुन्याला नांदती नव्हं? हितनं हाक मारल्यावर ती पुन्यासनं व्हय म्हनत येनार हाय व्हय?"

मी कप खाली ठेवला. हेच वाक्य ती कराडला गेल्यावर कुणीतरी माझ्यासाठी म्हणायला हवं होतं, आणि ते तिच्याबद्दल म्हणायला हवं होतं. पण तिच्या ते लक्षात आलेलं दिसलं नाही. ती रंगात आली होती.

"मंग?"

"मंग जावई बोलला की! म्हनला, आई, नियमच तसा हाय. ज्यानं पयलं ठेवलं त्यालाच बदलता येतंय. विहीण म्हनती, कुठला नियम? त्यो म्हनला, जपानचा."

"आन?"

"आन काय? सासरा इतका वेळ कोपऱ्यात बसलेला. त्याला तेवढंच ऐकू आलं. जन्मभर जपानी मागावर काम केलेला मानूस. म्हनला, जपानचा असंल तर बरोबरच असंल, लिव. विहीणीनं भांड्यांकडं बघितलं, सगळ्यावर जुनंच नाव. आता काय करती? लिवलं त्यानं आपल्या पोरीचंच नाव."

माझ्या मुलीच्या हक्कासाठी ना कायदा उपयोगी पडला, ना तिचं शिक्षण, ना तिचे आई-बाप. एका नणंदेचा तोरा आणि एका बहिऱ्या सासऱ्याचा जपानी मालावरचा विश्वास, ह्या दोन खांबांवर ते नाव उभं राहिलं. असू दे. उभं राहिलं एवढं खरं.

नणंदेने चहा संपवला. कपाकडे बघत बसली. मग एकदम म्हणाली, "वैनी, तुमचं नाव मीच बदललं व्हतं नव्हं?"

"व्हय."

"तुमाला तवा राग आला व्हता का?"

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी विचारलं होतं, आणि खरंच विचारलं होतं. चेष्टा नव्हती. उत्तर माझ्याकडे तयार होतं, जुनं, वापर नसलेलं, कपाटात ठेवलेल्या वाणासारखं.

"च्या घेता का अजून?" मी म्हटलं.

तिने कप पुढे सरकवला. "घेते की. साखर कमी घाला," ती म्हणाली. मग ती पिशवी उचलून कराडच्या गाडीला गेली. जाताना उंबऱ्यात थांबली, पण काही बोलली नाही. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

मुलगी जुनं यंत्र घरीच ठेवून गेली आहे. जावयाकडे नवं आहे, भजीसुद्धा त्यात राहायला गेला. नव्या यंत्रातही तो भजीच आहे, असं तिने फोनवर सांगितलं. जुन्यात आता काही नाही. "आई, पहिल्यापासनं सुरू करून बघ तू," ती म्हणाली. "सोपं आहे."

काल दुपारी ते उघडलं. हे पत्र्याच्या खोलीत होते. सुरुवातीला एक म्हातारा मास्तर येतो आणि काहीतरी बोलतो. ते सगळं इंग्रजी, मला कळत नाही. पण तो काय विचारतो ते मुलीने सांगून ठेवलं होतं. इतर काही विचारायच्या आधी तो नाव विचारतो. कुठल्या गावची, कुणाची कोण, शिक्षण किती, काही नाही. नुसतं नाव. हा खेळ इतकी वर्षं का टिकला ह्याची मुलीने मला पुष्कळ कारणं सांगितली आहेत, पण हे सांगितलं नव्हतं.

मुलीचा अभ्यास घेताना इंग्रजी अक्षरं तेवढी मला ओळखू येऊ लागली होती, ती एकेक शोधून मी माझं नाव घातलं. माहेरचं. वेळ लागला, मास्तर थांबला. त्याला ताटही लागलं नाही आणि अंगठीही.

मग त्याने पुढचं विचारलं. शेजारी एक पोरगं राहतं, ते खेळभर आपल्या पुढे पुढे करतं आणि प्रत्येक वेळी आपल्याशी भांडायला येतं. त्याचंही नाव आपणच ठेवायचं असतं. माझ्या आयुष्यात असं माणूस एकच. तिचं नाव मी ओळखते, ते शोधायला मला वेळ लागला नाही. अक्षरं नुकतीच सापडलेली होती, तीच पुन्हा घातली.

एकाच खेळात दोन सारखी नावं झाली. मी जरा थांबून बघितलं. काही घोटाळा झाला नाही. मास्तर बरं म्हणाला असावा, कारण पडद्यावर घर आलं, घरात आई आली, आणि तिने मला बाहेर जायला सांगितलं.